छपाईचे बटण दिलेत, छपाईची मांडणी कुठे आहे?

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ग्रंथालय सॉफ्टवेअरमधून दाखलनोंदी व बिलवार याद्या नीट छापल्या जात नसल्याबाबत

महोदय,

आमचे तालुक्याच्या गावातले सार्वजनिक वाचनालय आहे. आपले सॉफ्टवेअर घेऊन आम्हाला दीड वर्ष झाले. पडद्यावर ते छान चालते, देवघेवीच्या खिडकीवरची रांगही कमी झाली. तक्रार आहे ती कागदाची.

गेल्या महिन्यात हिशेब तपासणीसाठी एका ग्रंथविक्रेत्याच्या बिलाची यादी छापली. बिल ४३ पुस्तकांचे. पडद्यावर ही पुस्तके एका चौकटीत दिसतात, एका वेळी १२, बाकीची खाली सरकवून पाहायची. कागद कसा सरकवणार? छापून आली ती वरची १२ पुस्तके आणि खाली बेरीज मात्र सगळ्या ४३ ची. लेखापरीक्षकांनी चष्म्यावरून पाहत विचारले, "बारा पुस्तकांना एवढे पैसे?" उरलेली ३१ आमच्या ग्रंथपाल मॅडमनी तिथेच बसून हाताने लिहून काढली.

दाखलनोंदवहीची, म्हणजे वाचनालयात आलेले प्रत्येक पुस्तक क्रमाने नोंदवायच्या वहीची, तऱ्हा निराळी. दाखल क्रमांक, लेखक आणि शीर्षक एका पानावर, तर किंमत, बिल क्रमांक आणि शेरा पुढच्या पानावर. आपल्या प्रतिनिधीने फोनवर सांगितले, "पानात बसवा हा पर्याय निवडा." निवडला. आपल्या मांडणीची रुंदी १३०० पॉइंट (एका इंचाचे ७२ पॉइंट). उभा ए-फोर कागद ५९५ पॉइंटांचा, दोन्हीकडे अर्धा इंच समास सोडला की उरतात ५२३. अकरा पॉइंटचे अक्षर साडेचारच्या आत आले. आमचे निम्मे कार्यकारी मंडळ साठीपुढचे आहे, हे जाता जाता सांगतो.

शिवाय रकान्यांची उंची इंग्रजी अक्षरे धरून ठेवलेली दिसते. पडद्यावर क्लिक केले की रकाना मोठा होतो, कागदावर खालचा उकार कापला जातो. प्रकाशनस्थळ सगळीकडे 'पणे'. गडद निळी पट्टी टोनर खाते आणि 'नवीन', 'शोधा', 'पुसून टाका' ही बटणे प्रत्येक पानावर छापून येतात. दप्तरात लावायच्या कागदावर 'पुसून टाका'!

आमची मागणी एवढीच, की छपाईसाठी वेगळी मांडणी करून द्या. कागद आडवा घ्या. पुस्तकांची यादी सरकत्या चौकटीत न ठेवता पुस्तकांच्या मूळ तक्त्यावरून ओळीने छापा, म्हणजे ४३ असोत की ४००, पाने आपोआप वाढतील. रकान्यांची नावे प्रत्येक पानाच्या माथ्यावर यावीत. किमतीच्या रकान्याखाली त्या पानाची बेरीज आणि 'मागील पानावरून पुढे' हवेच, कागदी वहीत आम्ही वर्षानुवर्षे तेच करत आलो आहोत. शेरा कोरा असेल तर त्याची जागा मिटावी. आज दर नोंदीखाली तीन ओळी रिकाम्या जातात.

पडद्याची मांडणी आहे तशीच राहू द्या, तिला हात लावू नका.

ही मांडणी आपल्या संगणकावर पाहून 'झाले' असे कळवू नये. माणूस पाठवून आमच्याच प्रिंटरवर दहा पाने छापून दाखवावीत. तोवर यंदाचे वार्षिक देखभाल शुल्क रोखून ठेवण्याचा ठराव कार्यकारी मंडळाने केला आहे. सोबत छापलेल्या पानांच्या छायाप्रती जोडल्या आहेत. उकार आम्ही लाल शाईने भरले आहेत.

कळावे,

आपला,
कार्यवाह