गुरुवारच्या मावशींना आभाराचं पत्र

ती. मावशींस,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "अगं, त्यात काय मोठंसं" म्हणता आणि लगेच पुढच्या माणसाकडे वळता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिते आहे. इंग्लंडमधल्या प्रेस्टनच्या ग्रंथालयात दर गुरुवारी जुन्या वर्तमानपत्रांपाशी स्वयंसेवक म्हणून बसणाऱ्या एक मराठी मावशी आहेत, त्यांनी एका परक्या घरात आलेल्या सुनेसाठी काय केलं, हे चार लोकांना कळायला हवं.

मी तुमच्याकडे आले ती सासूबाईंच्या आजोबांचं कोडं घेऊन. इंग्लंडमध्ये जन्ममृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून होते, त्यामुळे आजोबांचा १८६४ चा जन्मदाखला सहज मिळाला होता. पण बापाच्या नावाचा रकाना कोरा. आई अविवाहित असली की तो बहुतेक वेळा कोराच असायचा. घरात सांगितलं जायचं की बाप खलाशी होता, समुद्रात बुडाला. १८७१ च्या जनगणनेत मुलगा आजी-आजोबांच्या घरी, नातू म्हणून. खलाशाचा कुठेच पत्ता नाही. माझ्या नवऱ्याला यात काडीचा रस नव्हता. सासूबाईंना होता, आणि त्यांचं वय आता पंच्याऐंशीच्या घरात आहे.

मी घरी बसून जुन्या वर्तमानपत्रांच्या ऑनलाइन संग्रहात त्या मुलाच्या आईचं आडनाव टाकून टाकून थकले होते. तुम्ही ते ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "नाव बाजूला ठेव. कायदा काय म्हणत होता ते आधी बघू." मग शांतपणे सांगितलंत की त्या काळात अविवाहित आईला मुलाच्या बापाकडून खर्च मागायचा असेल तर मॅजिस्ट्रेटसमोर अर्ज करावा लागे, आणि तोही मूल होण्याआधी किंवा झाल्यापासून वर्षाच्या आत. मध्ये बापाने पैसे दिले असले तरच मुदत वाढायची. म्हणजे दाखल्यावरची जन्मतारीख हेच आपलं टोक. तिथून पुढे बारा महिन्यांचे अंक, आणि त्यातलं फक्त मॅजिस्ट्रेट कोर्टाचं सदर. आख्खं शतक चाळायचं होतं, ते तुम्ही एका वर्षाच्या एका सदरावर आणून ठेवलंत.

नाव टाकून का सापडत नव्हतं तेही तिथेच दाखवलंत. पानाचं छायाचित्र घेऊन संगणक अक्षरं ओळखतो, पण छपाई झिजलेली, कागदाला घडी पडलेली, बांधणीत ओळीची टोकं गेलेली. यू चा एन होतो, ई चा सी. त्यात आडनाव ओळीच्या शेवटी तुटून अर्धं खाली गेलं की शोधयंत्राच्या दृष्टीने ते माणूसच नाही. शिवाय कोर्टात बसलेला बातमीदार नावं कानाने ऐकून लिहायचा. आमच्या बाईचं नाव त्याने ज्या तऱ्हेने लिहिलं होतं, ते मला जन्मात सुचलं नसतं.

सदर वाचायचं म्हणजे पान वाचणं आलंच. बातमीच्या शेजारी कापसाच्या बाजाराचे भाव होते, त्यात मुंबईहून आलेल्या मालाचे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद पडला आणि १८६१ ते १८६५ आमच्या या लँकेशर परगण्यातल्या गिरण्या उपाशी राहिल्या. आपल्याकडून जाणाऱ्या सगळ्याच मालाला इथे सुरती म्हणत, त्याचा धागा आखूड, सारखा तुटायचा आणि मागावरची माणसं वैतागायची. माझे आजोबा परळच्या गिरणीत होते. त्यामुळे त्या भावांपाशी मी जरा जास्तच रेंगाळले, आणि तुम्ही घाई केली नाहीत. बेकारांना काम म्हणून इथले ॲव्हनम आणि मिलर हे बाग त्याच दशकात झाले, हेही तुम्हीच सांगितलंत. मी रोज त्यातून ऑफिसला जाते.

आणि मग ते सापडलं. जेमतेम वीतभर मजकूर, बारीक टाइप. ती मागावर काम करणारी मुलगी. तो त्याच गिरणीतला ओव्हरलुकर, म्हणजे गिरणगावच्या भाषेत साधारण जॉबर, कामगारांवरचा मुकादम. तो म्हणाला, मूल माझं नाही. नुसत्या आईच्या शब्दावर निकाल देता येत नसे, दुजोरा लागे, तेव्हा तिची घरमालकीण पुढे आली. तिने सांगितलं की हा माणूस आमच्या स्वयंपाकघरात आला, पाळण्यात वाकून बघितलं आणि म्हणाला, कान तर माझेच घेतलेत. पुढे कंसात छापलंय: हशा.

तो कंस वाचून तुम्ही चष्मा काढलात. मी काही बोलणार, तेवढ्यात म्हणालात, "पुढचं वाच. हुकूम काय झाला ते महत्त्वाचं." हुकूम झाला आठवड्याला अडीच शिलिंगांचा, मूल तेरा वर्षांचं होईपर्यंत. पहिले काही आठवडे सोडले तर कायद्याने त्याहून जास्त देताच येत नव्हतं. आणि त्याचं नाव, वय, गल्ली, सगळं छापलेलं. समुद्र नाही, जहाज नाही. राहायला दोन गल्ल्या पलीकडे.

मी लगेच प्रिंट काढून पळणार होते. तुम्ही खुर्चीत बसवलंत. "निकालाविरुद्ध तो वर अपील करू शकत होता. ते झालं का, ते आधी बघ." मग पुढच्या महिन्यांचे अंक. अपील नव्हतं. पण साधारण वर्षाने तोच माणूस पुन्हा त्याच कोर्टात, या वेळी थकबाकीसाठी. ही दुसरी बातमी चार ओळींची, मथळासुद्धा नाही, आणि मला विचाराल तर पहिलीपेक्षा जास्त बोलणारी. पहिलीत कोर्टाने ठरवलं होतं. दुसरीत त्याने, बाप म्हणून आपलं नाव पुकारलं गेल्यावर, "हप्ते राहिलेत, कामाचे दिवस कमी भरले" एवढंच म्हटलं. नाकारलं नाही. शिवाय तुम्ही लावलेल्या शिस्तीप्रमाणे त्याचं वय आणि पत्ता १८६१ च्या जनगणनेशी ताडून बघितला. गल्ली तीच, धंदा तोच, वयात एका वर्षाचा फरक. एवढं चालतं, म्हणालात.

गरिबांची माणसं जन्म-मृत्यूच्या सदरात शोधू नकोस, हे तुमचं म्हणणं मी आता इतरांना सांगत असते. ती सदरं ज्यांना परवडत त्यांची. वर्तमानपत्रावरच १८१५ पासून चार पेनी स्टॅम्प कर होता, १८३६ मध्ये तो एक पेनीवर आला आणि १८५५ मध्ये गेला, तेव्हा कुठे गावोगावी स्वस्त पेपर निघाले आणि त्यांची पानं भरायला गल्लीतल्या भानगडी लागू लागल्या. विणकर, मोलकरीण, हमाल पेपरात येतात ते कोर्टात उभे राहिले, गिरणीत हात अडकला किंवा कोणी अवचित गेलं आणि कॉरोनरची, म्हणजे अशा मृत्यूंचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याची, चौकशी बसली तर. ती चौकशी बऱ्याचदा दारूच्या गुत्त्यातच भरायची. तिचे मूळ कागद बहुतेक ठिकाणी टिकलेले नाहीत, बातमी तेवढी उरते. आणि गावच्या पेपराचा तो अंकच हरवलेला असेल तर दूरच्या गावचा बघायचा, कारण सगळे एकमेकांच्या बातम्या सर्रास उचलत.

तुमच्याकडून घेतलेलं आणखी बरंच आहे. तारखेपुढे 'अल्ट.' असेल तर मागचा महिना, 'इन्स्ट.' असेल तर चालू, हे माहीत नसतं तर मी एका मृत्यूची तारीख पुढच्या महिन्यात घालून बसले असते. लग्न झालेल्या बाईला तिच्या नावाने शोधायचं नाही, मिसेस आणि नवऱ्याचं पूर्ण नाव असं शोधायचं. (हे मात्र मला शिकवावं लागलं नाही, आमच्या गावच्या बारशांच्या पत्रिकांनी तयारी करून घेतली आहे.) आणि अंत्ययात्रेच्या बातम्या! कोण कुठल्या गाडीत बसलं, कोणी फुलांचं चक्र पाठवलं, सगळी नावं नात्यांसकट. १९३१ ची जनगणना आगीत गेली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही, त्यामुळे त्या वर्षांतली माणसं जुळवताना युद्धाच्या सुरुवातीला सरकारने केलेली १९३९ ची नागरिकांची नोंदवही सोडली तर या याद्यांसारखं दुसरं काही नाही. सासूबाईंच्या आजोबांच्या अंत्ययात्रेच्या बातमीतून आजोबांच्या आईचं पुढे लग्न झालं होतं आणि दोन सावत्र भावंडं होती, हे कळलं. सासूबाईंनी ती नावं कधी ऐकलीही नव्हती.

पण आभार मुख्यतः ज्याचे मानायचे ते वेगळंच. प्रिंट हातात देताना तुम्ही विचारलंत, "घरी हे सांगायचं ठरवलंयस का? खलाशाची गोष्ट त्यांनी ऐंशी वर्षं सांभाळली आहे." आणि वर म्हणालात, "आधी त्यांना विचार, किती ऐकायचं आहे." मी तसंच विचारलं. सासूबाई म्हणाल्या, सगळं. मी वाचून दाखवलं, घरमालकिणीच्या साक्षीपर्यंत आले आणि थांबले. त्यांनी केस मागे सारले आणि माझ्या नवऱ्याकडे बघितलं. आमच्याकडे कान हा बारशापासूनचा विषय आहे, माझ्या धाकट्यालाही शाळेत त्यावरून चिडवतात. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला: "पैसे दिले का त्याने?" थकबाकीचं सांगितलं. "म्हणजे काही दिले," एवढं म्हणून त्यांनी चहा मागितला. रात्री नवऱ्याने मला आपण होऊन विचारलं की ती गल्ली आता कुठे येते.

सासूबाईंना आता त्या ओव्हरलुकरच्या बाजूची माणसं शोधायची आहेत. त्याचं लग्न झालं का, बाकीची मुलं कोण, त्यांच्यापैकी कोणी इथेच आहे का. येत्या गुरुवारी त्यांना घेऊन येते. त्यांना जरा मोठ्याने बोलावं लागतं आणि सकाळी अकराच्या आत त्या घराबाहेर पडत नाहीत, तेवढं सांभाळून घ्या. १८६५ नंतरचे अंक काढून ठेवता आले तर बरं होईल.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

तुमची,
गुरुवारी तिसऱ्या यंत्रावर बसणारी