फ्लॉरेन्सची होळी आणि एक मठ

संपादक महाशय,

आपल्या रविवार पुरवणीतील इटलीच्या फ्लॉरेन्स शहरातील होळीवरील लेखात पेढीवाले मेदिची घराणे म्हणजे कलेचे आश्रयदाते आणि धर्मोपदेशक साव्होनारोला म्हणजे कलेचा वैरी, अशी सरळ विभागणी केली आहे. ती मला पटली नाही.

७ फेब्रुवारी १४९७ रोजी साव्होनारोलाच्या अनुयायांनी आरसे, मुखवटे, पत्ते, पुस्तके आणि चित्रे त्या होळीत जाळली, हे खरेच. ते नुकसान कधी भरून निघणार नाही. पण साव्होनारोला ज्या सान मार्को मठाचा प्रमुख होता, तो कोसिमो मेदिचीच्या पैशाने नव्याने बांधलेला होता. जिना चढताच समोर भिक्षू चित्रकार फ्रा आंजेलिकोचे भित्तिचित्र येते. मेरीपुढे किंचित वाकलेला देवदूत, त्याचे रंगीबेरंगी पंख. पुढे भिक्षूंच्या साध्या कोठड्यांची रांग आणि बहुतेक कोठड्यांत एकेक चित्र. मी तिथे गेलो तेव्हा बराच वेळ पाय निघेना. पैसा पेढीवाल्याचा, कुंचला भिक्षूचा! साव्होनारोलाला फ्लॉरेन्सला परत आणवले तेही लोरेन्झो मेदिचीनेच.

पुढे १४९८ मध्ये साव्होनारोलाला ज्या चौकात फाशी देऊन जाळले, तिथेच १५०४ मध्ये मायकेलअँजेलोचा नग्न ‘डेव्हिड’, म्हणजे बायबलमधील वीराचा पुतळा, उभा राहिला. आणि तो घडवायला सांगितला होता कॅथेड्रलच्या कारभाऱ्यांनी. धर्म एकीकडे आणि कला दुसरीकडे, अशी रेघ ओढली तर या पुतळ्याला जागा कुठे उरते? लेखकाने पुढच्या लेखात सान मार्कोबद्दल अवश्य लिहावे.

– एक वाचक, पुणे