मिस्त्री, आधी तुम्ही बघा

मॅडम,

सप्रेम नमस्कार. तुम्ही पेढ्यांचा पुडासुद्धा घेतला नाहीत, म्हणून हे चारचौघांसमोर लिहितोय.

चार महिने आमच्या पीओपीच्या पट्ट्या साच्यातून काढताच कोपऱ्यांना भुगा व्हायच्या. माल देणाऱ्याने खापर सोलापूरच्या पाण्यावर फोडलं. एका जाणकाराने पैसे घेतले आणि तुकडा हातातही न धरता "गोणी बदला" म्हणाला. ठेकेदार तर दारात उभा राहून बोलला, "म्हाताऱ्याचा हात गेला आता." तीस वर्षं साचे ओतणारे माझे बाबा त्या रात्री भाकरीला शिवले नाहीत.

तुम्ही दोन काचपट्ट्या केल्यात. एकीवर नुसतं प्लास्टर आणि पाणी, दुसरीवर आमच्या बादलीतला माल. मी मायक्रोस्कोपकडे सरकलो, तर मला थांबवून तुम्ही स्टूल बाबांकडे ओढलंत. "मिस्त्री, आधी तुम्ही बघा. काय दिसतंय?" बाबा बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "ह्यात बाभळीचे काटे हायेत, एकमेकांत अडकलेले. त्यात ज्वारीचे दाणे, सुटे सुटे." तुम्ही हसला नाहीत. तेच शब्द वहीत उतरवलेत, तारीख घातलीत आणि खाली बाबांचं नाव लिहिलंत.

दोष माझ्या हाताचा निघाला. माल सावकाश बसावा म्हणून ठेकेदाराच्या सांगण्यावरून मी चिमटीऐवजी मूठभर लिंबूसत्त्व टाकत होतो. प्लास्टर पाण्यात घट्ट होताना जिप्समचे स्फटिक वाढतात, तेच बाबांचे काटे. लिंबूसत्त्व त्या स्फटिकाला चिकटून त्याची लांबी खुंटवतं. काटेच नाहीत तर गुंतणार काय? साबणाच्या जातीचे रेणू, म्हणजे सर्फॅक्टंट, तेही असेच स्फटिकाच्या ठरावीक बाजूंवर बसून आकार बदलतात, हे तुमच्याकडूनच कळलं. कारखान्यात तर अल्फा प्लास्टरचे, म्हणजे जास्त कणखर जातीच्या प्लास्टरचे, स्फटिक असली द्रव्यं घालून मुद्दाम आखूड-जाड करतात, कारण ते कमी पाण्यात कालवता येतं. हिशेबाने 100 किलो प्लास्टर घट्ट व्हायला साधारण 18.6 किलो पाणी पुरतं, पण कालवता यावं म्हणून आम्ही 60-70 किलो ओततो. जादाचं उडून जातं, मागे भोकं राहतात.

शिकलेली माणसं आम्हाला कमी भेटली नाहीत, मॅडम. पण बाबांच्या डोळ्यांवर विश्वास ठेवून त्यांचं म्हणणं लिहून घेणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

आता लिंबूसत्त्व बाबा स्वतः काट्यावर तोलतात. काल निघालेल्या पट्टीवर त्यांनी बोटाने टिचकी मारली, खणखणीत वाजली. तिचा एक तुकडा तुमच्यासाठी बाजूला काढलाय. तो तरी घ्या.