खिशातल्या ई-बुक रीडरसाठी: कुपवाडच्या ताईंना आभारपत्र

सांगली

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

खिशात मावणारा ई-बुक रीडर घरी बनवण्याच्या माझ्या उद्योगात तुम्ही जी मदत केलीत, तिचे आभार तोंडी मानून भागणार नाही असे वाटल्याने, आणि हाच खटाटोप करू पाहणाऱ्या इतरांनाही ती मदत नेमकी काय होती हे कळावे म्हणून, हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. तुमचे नाव कुठेही घालू नये ही तुमची अट मात्र पाळली आहे.

या रीडरचा मेंदू म्हणून घेतलेली ईएसपी३२-सी३ ही चिप स्वस्त असली तरी तिच्यात रॅम अवघी ४०० केबी. ८०० बाय ४८० बिंदूंच्या ई-इंक पडद्यावरचे एक काळे-पांढरे पान त्यातले ४८,००० बाइट घेते, आणि ई-पुस्तकाची ईपब फाइल मुळात झिपच, म्हणजे दाबून लहान केलेली, असल्यामुळे ती उलगडायला आणखी ३२ केबी बाजूला ठेवावे लागतात. एवढे करून इंग्रजी पुस्तक नीट दिसले, तरी मराठीचा प्रश्न तसाच उरतो. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या नंतर साठवलेली असते, पण काढायची असते आधी. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवावा लागतो. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र तर वेगवेगळ्या फायलींत दोन वेगळ्या प्रकारे साठवलेला सापडतो. हे सगळे नियम फर्मवेअरमध्येच, म्हणजे यंत्राच्या चिपवर चालणाऱ्या प्रोग्राममध्येच, बसवायचे असे मी धरून चाललो होतो, आणि दर पुस्तकागणिक एखादे नवे जोडाक्षर आडवे येत होते.

त्यावर तुम्ही एवढेच विचारलेत, की हे यंत्राला कळायची गरज काय? एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी कंट्रोलरचे फर्मवेअर लिहिण्यात ज्यांची वर्षे गेली, त्यांनाच हा प्रश्न इतक्या सहज सुचू शकतो. अक्षरजुळणी लॅपटॉपवर, पुस्तक यंत्रात भरण्यापूर्वीच, हार्फबझ या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरकडून करून घ्यायची. प्रत्येक शब्दाच्या जागी अक्षरचित्रांचे क्रमांक, त्यांची स्थाने आणि शब्दाची एकूण रुंदी लिहून ठेवायची. यंत्राने फक्त ओळी भरायच्या आणि चित्रे उमटवायची. झिप उलगडण्याचे कामही त्यामुळे आपोआप लॅपटॉपकडे गेले. हार्फबझला भाषा मराठी असल्याचे सांगितले की, फाँटमध्ये ती सोय असल्यास, श आणि ल मराठी वळणाचे मिळतात, हेही तुम्हीच दाखवलेत. (हिंदी वळणाचा ल दिसला की माझे वाचन अडखळते, तुम्हाला हा हट्ट वाटला असेल, पण तुम्ही तो पुरवलात.) या पद्धतीत अक्षरांचा आकार वाटेल तसा बदलता येत नाही, तीन आकार आधीच तयार करून ठेवावे लागतात. ही तडजोड मला अजून थोडी खुपते. मात्र त्या बदल्यात पान चटकन उलटते आणि एकही वेलांटी जागा सोडत नाही.

बॅटरीचे कोडे तुम्ही मल्टिमीटर घेऊन सोडवलेत. चिप गाढ झोपेत गेली की सुमारे ५ मायक्रोअँपिअर एवढाच प्रवाह घेते असे तिची माहितीपत्रिका सांगते, तरी बॅटरी उतरतच होती, कारण बोर्डावरचा लाल एलईडी आणि व्होल्टेज रेग्युलेटर (विजेचा दाब स्थिर ठेवणारा भाग) चिपच्या कितीतरी पट वीज खात होते. एलईडी तुम्ही सरळ काढून टाकलात आणि रेग्युलेटर बदलायला लावलात. ई-इंकला स्थिर पान दाखवत ठेवण्यासाठी वीज लागतच नसल्यामुळे, आता ती खर्च होते ती मुख्यतः पान उलटतानाच. आधीच्या पानाची पुसट छाया राहू नये म्हणून अधूनमधून पूर्ण पडदा ताजा करण्याची तुमची सूचनाही अमलात आणली आहे.

या साऱ्याचा मोबदला विचारल्यावर तुम्ही विषय बदललात, म्हणून निदान एवढे केले आहे की लॅपटॉपवरची जुळणी आणि यंत्राचे फर्मवेअर, दोन्हींचा कोड कोणालाही वापरता येईल असा खुला ठेवला आहे. ‘कार्त्स्न्य’सारख्या शब्दांतले उंच जोडाक्षर वरच्या ओळीला टेकते, तेवढे एक काम शिल्लक आहे, तुम्हाला सवड असेल तर येत्या रविवारी यंत्र घेऊन तुमच्याकडे येतो.

आपला कृतज्ञ,
विश्रामबागेतला एक वाचक