एका जेवणाचा हिशोब

रोम, रविवार

तीर्थरूप आई व बाबा यांना सा. न. वि. वि.

आमच्या लग्नाच्या पाचव्या वाढदिवसासाठी तुम्ही पाठवलेले पैसे वेळेवर मिळाले. “एखाद्या चांगल्या ठिकाणी जेवा आणि काय जेवलात ते सविस्तर कळवा,” असे बाबांनी बजावले होते. त्यातले शंभर युरो आम्ही जेवणासाठी बाजूला काढले आणि ठिकाणही नावाजलेले निवडले. जेवण मात्र फसले. तुम्ही इतक्या हौसेने पाठवलेल्या पैशांबद्दल असे लिहावे की लिहू नये, या विचारात आठवडा गेला. पण हिशोब मागितला आहे तर तो खराच द्यायला हवा.

हे उपाहारगृह तिबेर नदीपलीकडच्या त्रास्तेवेरे भागात आहे. त्याचे नाव इथे लिहीत नाही. तीन आठवडे आधी टेबल राखून ठेवावे लागले, आणि ते देतानाच आठ वाजता या व साडेनऊला टेबल मोकळे करा, अशी अट घालण्यात आली. खरे तर तिथेच सावध व्हायला हवे होते. इथल्या साध्या खानावळीतसुद्धा एकदा बसलेल्या माणसाला कोणी उठवत नाही, आणि आपण मागेपर्यंत बिल टेबलावर आणून ठेवणे हा उद्धटपणा समजला जातो. पण भिंतींवर छतापर्यंत लावलेली नामांकित पाहुण्यांची छायाचित्रे पाहून आम्हीही थोडे दिपून गेलो.

सुरुवातीला सुप्ली आणि आर्टिचोक (मोठ्या कळीसारखी दिसणारी एक भाजी) मागवले. सुप्ली म्हणजे टोमॅटोच्या रश्श्यात शिजवलेल्या भाताचा तळलेला लांबट गोळा असतो, आणि त्याच्या पोटात मोझ्झारेल्ला चीज असते. गरम असताना तो मधोमध मोडला की दोन तुकड्यांमध्ये चीजची तार लोंबते. ती जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी दिसते, म्हणून त्याला ‘टेलिफोनची सुप्ली’ म्हणतात. आमचा टेलिफोन बंद होता. बाहेरून चटका बसेल इतका गरम आणि आत चीजचा गार खडा, अशी त्याची अवस्था होती. रोमच्या ज्यू वस्तीतून आलेला आर्टिचोकचा प्रकार तर मला फार आवडतो. नीट तळलेल्या आर्टिचोकच्या पाकळ्या शेवंतीसारख्या उमलून कुरकुरीत होतात. आमच्या ताटलीत तेल प्यालेले, मऊ पडलेले काहीतरी आले. सौ.ने मेनू पुन्हा उघडला तेव्हा पदार्थाच्या नावाशेजारी एक बारीक तारका दिसली, आणि पानाच्या तळाशी तारकेचा अर्थ दिला होता: गोठवलेला माल. रोमच्या आर्टिचोकचा हंगाम हिवाळ्याच्या अखेरीपासून वसंतापर्यंतचा असतो आणि आम्ही ऑक्टोबरात बसलो होतो, तेव्हा हा दोष थोडा आमचाही धरावा लागेल.

पण मन खट्टू केले ते काचो ए पेपे या पदार्थाने, आणि त्याच्यासाठीच आम्ही तिथे गेलो होतो. यात जेमतेम तीन जिन्नस लागतात: पास्ता, मेंढीच्या दुधाचे खारट पेकोरिनो रोमानो चीज आणि भाजून भरड कुटलेली काळी मिरी. लोणी नाही, साय नाही, तेलही नाही. चीज आणि पास्ता उकळलेले पिष्टयुक्त पाणी एकजीव होऊन जो दाटसर रस होतो, तो प्रत्येक शेवेला मखमलीसारखा चिकटायला हवा. हे ऐकायला जितके सोपे तितकेच करायला अवघड आहे. पाणी जास्त गरम असले किंवा त्यात पिष्ट कमी पडले, तर चीजमधली प्रथिने एकमेकांना धरून बसतात आणि गुठळ्या होतात. या गुठळ्यांचा अभ्यास करून काही भौतिकशास्त्रज्ञांनी असे दाखवले की, चीजच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के पिष्ट असेल तर रस फुटत नाही. त्यांना २०२५ सालचे भौतिकशास्त्राचे इग नोबेलही मिळाले. (बाबा, हे नोबेल नव्हे, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिला जाणारा हा पुरस्कार आहे.)

माझी खुर्ची स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून होती, त्यामुळे पुढचे सगळे मला दिसले. माझी ताटली तयार होऊन फळीवर आली आणि सौ.च्या राव्हिओलीची, म्हणजे सारण भरलेल्या पास्त्याची, वाट पाहत दिव्याखाली तशीच बसून राहिली. हा पदार्थ कढईतून उतरल्या क्षणी खायचा असतो. ताटली समोर आली तोवर शेवांचा एक गट्टा झाला होता, तळाशी पांढरट पाणी सुटले होते आणि काट्याला चीजच्या रबरी गोळ्या लागत होत्या. शेवा मात्र उत्तम शिजल्या होत्या, दाताला हव्या तेवढ्याच लागणाऱ्या, आणि त्यामुळे अधिकच हळहळ वाटली.

तेवढ्यात वाढपी आला आणि “सगळे ठीक?” असे विचारून गेला. मी “होय, सगळे ठीक,” असे म्हटले. का म्हटले ते मला अजूनही सांगता येत नाही. कदाचित भाषा तोकडी पडेल अशी भीती वाटली असेल, कदाचित भिंतीवरच्या छायाचित्रांचा दबाव असेल. सौ.ने माझ्याकडे जे पाहिले ते आईला सांगावे लागणार नाही.

पालक व रिकोट्टा भरलेली राव्हिओली बरी होती आणि लसूण-मिरचीवर परतलेली चिकोरीची भाजी तर खरोखर चांगली होती. तिरामिसू गोड होते, याहून अधिक त्याच्याविषयी लिहिण्यासारखे नाही.

नऊ वीसला, न मागता, बिल आले. ते सत्त्याहत्तर युरोंचे होते आणि त्यात ‘कोपेर्तो’, म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार, माणशी तीन युरो लावलेला होता. इटलीच्या इतर भागांत तो सर्रास घेतात, पण रोम ज्या लात्सिओ प्रांतात आहे तिथे २००६ च्या प्रांतिक कायद्याने त्याला मनाई आहे. पास्त्याच्या वेळी गप्प बसलेला मी या ओळीवर बोट ठेवून चांगला शुद्ध इटालियनमध्ये बोललो. वाढप्याने वाद घातला नाही. तो बिल घेऊन गेला आणि दोन मिनिटांत नवे बिल घेऊन आला. त्यात ‘कोपेर्तो’ हा शब्द नव्हता. त्याच जागी ‘पाव, सहा युरो’ असे लिहिलेले होते. पाव मागितला आम्ही नव्हता, पण खाल्ला होता, तोही टोपली रिकामी होईपर्यंत. पैसे दिले आणि निघालो.

शिल्लक तेवीस युरोंपैकी चौदा युरोंचे पेकोरिनो, मिरी आणि पास्ता आणून काल घरीच काचो ए पेपे केले. पहिल्या खेपेस आमच्याही गुठळ्या झाल्या. दुसऱ्या खेपेस सौ.ने कढई विस्तवावरून उतरवली, पाणी कोमट होऊ दिले आणि मग चीज घातले. तेव्हा रस जमला आणि आम्ही तो ओट्यापाशी उभ्याउभ्याच संपवला. नऊ युरो अजून डब्यात आहेत.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. कळावे.

तुमचा,
धाकटा