हायपो, हायपर आणि आपलं जुनं भांडण

प्रिय सुमन,

चार महिने तुझ्या पत्राला उत्तर नाही. रागावली असशील, तो तुझा हक्क आहे. आज लिहायला बसले, कारण जे चाललंय ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळायचं नाही. नर्सिंगच्या पहिल्या सत्राच्या नियोजनातून मेडिकल टर्मिनॉलॉजीचे, म्हणजे वैद्यकीय शब्दांचे, तास काढून टाकायचं घाटतंय. म्हणे ‘कम्युनिकेटिव्ह इंग्लिश’मध्ये येईल थोडंफार, बाकीचं मुली वॉर्डात आपोआप शिकतात. ‘आपोआप’ ऐकलं आणि हॉस्टेलच्या गच्चीवरची तू डोळ्यांसमोर आलीस: “मोठे शब्द डॉक्टरांचे, आपल्याकडे पेशंट!”

तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच.

यादी पाठ करून घेण्याला माझाही विरोध आहे, एवढं तुझं मान्य. ‘कोलेसिस्टेक्टॉमी’ घोकलेल्या मुलीपुढे ‘कोलेसिस्टायटिस’ आला की ती गप्प. पण शब्द फोडून दाखव. कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टॉमी म्हणजे कापून काढणं. शेपूट बदललं की आयटिस म्हणजे दाह आणि लिथियासिस म्हणजे खडे. तिथून ‘नेफ्रोलिथियासिस’ ती स्वतः उलगडते, नेफ्रो म्हणजे मूत्रपिंड एवढंच सांगावं लागतं.

आणि मराठी शाळेतून आलेल्या मुलीला हे अवघड का जावं? उपसर्ग आणि प्रत्यय तिनं व्याकरणात केलेलेच असतात. ग्रीक-लॅटिन आणि संस्कृत एकाच कुळातल्या भाषा, त्यामुळे अर्धे तुकडे तिच्या घरचेच निघतात. डिस् म्हणजे आपला दुस्, दुर्. अनिमियातला अन् म्हणजे अनावश्यकमधला अन्. पेरी म्हणजे परि. ऑस्टिओ म्हणजे अस्थि, नेझो म्हणजे नासा, डेंट म्हणजे दंत. हायपो आणि उप सख्खी भावंडं, म्हणून उपाध्यक्ष अध्यक्षाच्या खाली. हायपर आणि उपरि तशीच, म्हणून उपरोक्त म्हणजे वर सांगितलेलं. इंटर म्हणजे आंतरजातीयमधला आंतर, दोहोंच्या मधला; इंट्रा म्हणजे अंतर्गतमधला, आतला. इंटरकॉस्टल बरगड्यांच्या मधलं, इंट्रामस्क्युलर स्नायूच्या आत. फळ्यावर दोन खाने काढून हे मांडलं की मुलींच्या चेहऱ्यावरची भीती उतरते.

आता तुझा खरा मुद्दा: नर्सला याचा उपयोग काय?

डिस्फेजिया घे. असे दोन शब्द आहेत, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकात जी, दुसऱ्यात एस. आपल्या तोंडी दोन्ही सारखेच, मराठीत लिहिलं तरी बहुधा एकच. जी वाला असेल तर नीट गिळता येत नाही. गिळण्याची तपासणी होईपर्यंत घोटभर पाणीसुद्धा नाही, नाहीतर ते फुफ्फुसात उतरू शकतं. तपासणीनंतर भरवायचं ते पेशंटला ताठ बसवून, छोट्या घासांनी. एस वाला असेल तर बोलणं, समजणं बिघडलंय. तिथे हो-नाहीचे प्रश्न, खुणा, आणि उत्तराला वेळ. पक्षाघाताच्या वॉर्डात हे दोन्ही शेजारच्या खाटांवर असतात, कधी एकाच पेशंटमध्ये असतात. हे आपोआप शिकायचं म्हणजे कुणाच्या छातीवर शिकायचं, सांग.

हायपोकॅलिमिया आणि हायपरकॅलिमिया फोनवर ऐकून बघ. रक्तातलं पोटॅशियम लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिमोल असतं. खाली गेलं तर पोटॅशियम क्लोराइड देतात, वर गेलेलं असताना तेच दिलं तर हृदय थांबू शकतं. म्हणून नियम असा शिकवायचा: नुसता शब्द सांगायचा नाही, आकडा सांगायचा, “पोटॅशियम २.८”, आणि समोरच्याकडून परत वदवून घ्यायचा. आणि १० मिलीच्या अँप्यूलमधलं ते औषध कधीही थेट शिरेत ढकलायचं नाही. सलाइनमध्ये मिसळून, नीट हलवून, हळूहळू.

ऑटमी आणि ऑस्टमीचंही तेच. लॅपरॉटमीत पोट उघडून पुन्हा शिवतात. आपण ड्रेसिंग ओलं होतंय का बघतो. कोलॉस्टमीत मोठ्या आतड्याचं तोंड, म्हणजे स्टोमा, पोटावर उघडंच राहतं. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, स्टोमा लाल-गुलाबी आणि ओलसर हवा, काळपट दिसला तर तडक कळवायचं. इलिऑस्टमी, म्हणजे लहान आतड्याचं तोंड, असेल तर पातळ पाचक रस सतत येतो, कातडी सोलवटते, अंगातलं पाणी आणि मीठ जातं. म्हणजे इनटेक-आउटपुट चार्टवर नजर हवी. एका शब्दात दिवसभराचं काम लिहिलेलं असतं गं, ते वाचता यायला नको?

संक्षेपांचं तर वेगळंच प्रकरण. टीडीएस म्हटलं की आपल्यासाठी दिवसातून तीनदा, हिशेबनिसासाठी पगारातून कपात! (शैला दर पहिल्या तारखेला हा विनोद करायची आणि तू दर वेळी हसायचीस.) ओडी आपल्याकडे दिवसातून एकदा, पण परदेशात नेत्रविभागात तोच उजवा डोळा होतो. बाहेर नोकरीला जाणाऱ्या मुलींना हे कुणी सांगायचं? इन्शुलिनच्या आकड्यापुढचा ‘यू’ घाईत शून्यासारखा दिसतो आणि ४ चे ४० होतात. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशननं (रुग्णालयांना मान्यता देणारी संस्था) २००४ च्या ‘वापरू नका’ यादीत हा ‘यू’ घातला तो त्यामुळेच. ‘युनिट’ असं पूर्ण लिहायचं. ५.० नाही, नुसता ५. आणि .५ नाही, ०.५.

पण तुझ्या बाजूचीही एक गोष्ट आहे, आणि ती मी कालपर्यंत पुरेशी मानत नव्हते. शब्द शिकला म्हणजे तो पेशंटच्या तोंडावर फेकायचा नसतो. बाई म्हणते, “लघवीला आग होते.” कागदावर डिसयुरिया, बोलताना आगच. ‘एनबीएम’ (निल बाय माउथ) लिहिलं आणि नातेवाइकांना “खायला काही देऊ नका” सांगितलं तर ते चहा देतात, कारण चहा आपल्याकडे खाण्यात धरत नाहीत. “तोंडातून काहीच नाही, पाणी नाही, चहा नाही, गोळीसुद्धा सिस्टरला विचारून” असं म्हणावं लागतं. हा उलटा अनुवाद कुठल्याच पुस्तकात नाही, म्हणून तो तासातच घ्यायला हवा.

मी मागणार आहे ते एवढंच: पंधरा दिवस, रोज आठ तुकडे, एकशेवीस होतात. त्यापुढे वेगळा तास नको, ॲनाटमीत जो अवयव चालू असेल त्याचे शब्द त्याच दिवशी. परीक्षेत ‘अर्थ लिहा’ नको. केसपेपरचं पहिलं पान द्यायचं आणि विचारायचं: आधी काय करशील, काय करणार नाहीस, नातेवाइकांना मराठीत काय सांगशील?

धाकटीचं लग्न ठरलं ते कळलं, फार बरं वाटलं. साडीचा रंग तूच निवड, तिच्या आत्याला निवडू देऊ नकोस. यजमानांची साखर आता कशी आहे? घर बदलायचं पुढे काय झालं?

बैठक येत्या मंगळवारी आहे. त्याआधी तुझे सगळे आक्षेप सविस्तर लिहून पाठव, गच्चीवर मांडायचीस तसेच. समोरच्यांपेक्षा तू जास्त चांगलं भांडतेस, आणि तुला उत्तर देता आलं तर मला त्यांना देता येईल.

तुझी,
मंदा