आधी मी जागा बघून आले

म्युनिक,
रविवार, दुपार

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "बोहिनच्या तळ्याचे फोटो बघितले, डोळे निवले, आता गेल्यासारखंच झालं." तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय. फोनवर नीट बोलणं होत नाही. तुझ्या मागे कुकरच्या शिट्ट्या, माझ्या मागे चिंटूचा दंगा, आणि पाच मिनिटांत तूच म्हणतेस, "बरं, ठेवते." म्हणून आज बसून लिहिते आहे.

बाबा, शाळेच्या स्काउट शिबिराआधी तुम्ही एकटेच एसटीने भंडारदऱ्याला जाऊन यायचात. पिण्याचं पाणी किती लांब, तंबू ठोकायला जमीन कशी, पाऊस आला तर पाणी कुठून कुठे वाहील, सगळं वहीत टिपून आणायचात. आई चिडायची की एवढा एक रविवार मिळतो, तोही गेला. या वेळी बोहिनला मी तेच केलं. तुमच्या जावयांना आणि चिंटूला वाटलं आपण सहलीला निघालोय. माझी मात्र तुम्हा दोघांसाठी पाहणी चालली होती.

बोहिन स्लोव्हेनियात आहे. हा देश १९९१ साली युगोस्लाव्हियातून वेगळा झाला. सगळा देश धरून माणसं २१ लाखांच्या आसपास, आपल्या नाशिक जिल्ह्याहूनही कितीतरी कमी. इथून गाडीने निघालो, साल्झबुर्ग मागे पडलं आणि मग बोगद्यामागून बोगदे. शेवटचा कारावांके बोगदा जवळजवळ ८ किलोमीटरचा. शिरताना ऑस्ट्रिया, बाहेर पडताना स्लोव्हेनिया. बहुतेक लोक अलीकडच्या ब्लेडच्या तळ्यावरच थांबतात. तिथे बेट आहे, कड्यावर किल्ला आहे, आणि तेवढीच गर्दीही आहे. गर्दीत आईचा जीव घाबरतो, म्हणून मी पुढे अर्ध्या तासावरचं बोहिन धरलं.

तळं ४.२ किलोमीटर लांब, रुंदीला फार तर १ किलोमीटर, आणि सर्वांत खोल जागी ४५ मीटर. बाबा, भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाच्या भिंतीजवळ उभं करून तुम्ही आम्हाला प्रवरेचं पाणी कसं अडवलंय ते समजावलं होतं. इथला बांध कुणी घातलेला नाही. हिमनदीने हे खोरं कोरलं, आणि ढकलत आणलेला दगडगोट्यांचा ढीग पूर्वेच्या तोंडाशी टाकून ती आटली. त्या ढिगामागे हे पाणी साठलं. रिब्चेव्ह लाझ गावातल्या दगडी पुलाखालून ते बाहेर पडतं आणि पुढे सावा नदीला मिळतं. पुलावरून वाकून बघितलं की आधी तळाच्या गोट्यांवर माशाची सावली दिसते, मग मासा. चिंटू त्या कठड्याला अर्धा तास चिकटून होता.

पुलाला लागूनच एक जुनं चर्च आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर भलं मोठं चित्र आहे, संत ख्रिस्तोफर बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडतोय. आई, मला तर यमुनेतला वसुदेवच दिसला. पूर्वी लोकांची श्रद्धा होती की सकाळी या संताचं दर्शन झालं की त्या दिवशी अवचित मरण येत नाही, म्हणून वाटसरूंना लांबून दिसावा असा तो बाहेरच्या भिंतीवर काढायचे. मी हात जोडले. तूही जोडले असतेस.

आम्ही तळ्याच्या दुसऱ्या टोकाला, उकान्त्सला तंबू टाकला. हा सगळा भाग त्रिग्लाव्ह राष्ट्रीय उद्यानात येतो, त्यामुळे वाटेल तिथे तंबू ठोकायला बंदी आहे. कॅम्पिंगची ठरलेली जागा आहे, तिथेच राहायचं. झाडांखाली तंबू, दहा पावलांवर पाणी, रात्री सगळीकडे सामसूम.

दुसऱ्या रात्री पावसाने गाठलं. कडाड कडाड करत दोन्हीकडच्या डोंगरांत आवाज घुमत होता. दोनच्या सुमाराला मला पाठीला गार लागलं. हात लावून बघितलं तर तंबूच्या तळाखालून पाणी. तंबूखाली अंथरलेली ताडपत्री एका बाजूने वीतभर बाहेर राहिली होती. वरून ओघळलेलं पाणी तिच्यावर पडून सरळ आमच्या अंगाखाली येत होतं. भंडारदऱ्याला तुम्ही पोरांकडून तंबूभोवती चर खणून घ्यायचात, इथे जमीन खणायला मनाई. मग भिजत बाहेर गेले, बॅटरी दातांत धरली आणि ताडपत्रीची कड चारही बाजूंनी तंबूखाली दुमडली. पाणी यायचं थांबलं. बाबा, "कड आत, मग झोप" असं तुम्ही ओरडायचात ते तेव्हा आठवलं. झोपण्याआधी आठवायला हवं होतं. चिंटूला कोरड्या बाजूला सरकवलं आणि मी पहाटेपर्यंत बसून काढली.

सकाळी शेजारच्या गाडीतल्या आजी थर्मास घेऊन आल्या. हॉलंडचं जोडपं, दोघंही पंचाहत्तरीच्या घरात. आजी दोन काठ्या टेकत चालतात. त्यांनी चहा ओतला, आमच्या ओल्या स्लीपिंग बॅगा वाळत घालायला दोरी दिली. हे लिहायचं कारण असं, की "आता आमची वयं झाली" हे वाक्य तुम्ही दोघं इतक्या सहज बोलता. त्या आजी चहा पिऊन, काठ्या टेकत, सावकाश पाण्यात उतरल्या. मला तू दिसलीस गं.

तर आता माझी वही. तुम्हाला तंबूत ठेवणार नाही. स्तारा फुझिना गावात घरगुती खोल्या मिळतात, तळमजल्यावरची बघून आले. केबल कार आईला झेपेल, चढायला एकही पायरी नको अशी वाट मी विचारून घेतली आहे. पाचेक मिनिटांत ती व्होगेल डोंगरावर १५३५ मीटरला नेऊन सोडते. बाबा, म्हणजे कळसूबाईपेक्षा शंभरेक मीटरच कमी! आदल्या दिवशी वर नुसतं धुकं होतं. पाऊस पडून गेल्यावर सकाळी लख्ख उघडलं, खाली तळं आणि समोर त्रिग्लाव्ह, २८६४ मीटर. स्लोव्हेनियाच्या झेंड्यावर हाच डोंगर आहे. वर बाकावर बसून बघायचं, बाकी काही नाही. तळ्यात विजेवर चालणारी बोट आहे, आवाज नाही, धूर नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत तिने जायचं.

साव्हित्सा धबधबा मात्र आईने खालूनच सोडायचा. पाचशेहून जास्त पायऱ्या आहेत. डोंगरात मुरलेलं पाणी चुनखडीच्या भेगांतून उतरतं आणि कड्याच्या मध्यातूनच बाहेर उडी घेतं, ७८ मीटर. बाबा, तुम्ही हट्ट कराल हे मला माहीत आहे. दर पन्नास पायऱ्यांना थांबायचं कबूल असेल तर जाऊ.

आणि आई, खाण्याची काळजी नको. तिथे कुट्टूच्या पिठाची उकड करतात, हुबेहूब आपल्यासारखी, काट्याने मोकळी करून. वर डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालतात, ते घालू नका म्हणून आधी सांगावं लागतं. सोबत विरजलेलं दूध. मी दोनदा मागून घेतली.

एक गोष्ट तुला मुद्दाम दाखवायची आहे. शेतात लाकडी खांब रोवून त्यांना आडव्या दांड्या लावलेल्या असतात, वर छप्पर. त्या दांड्यांवर कापलेलं गवत टांगतात. पाऊस इतका की जमिनीवर गवत वाळतच नाही, कुजतं. असं उंचावर वारा लागून वाळतं. जवळ गेले तर आजोळच्या गोठ्यामागच्या कडब्याचा वास. तिथे उभी राहून मी तुला फोन करणार होते, पण तुमच्याकडे तेव्हा रात्रीचा एक वाजला होता.

पुढच्या जूनचं धरते आहे. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान ३ महिने चालू असावा लागतो. बाबांचा मी बघितला होता. आईचा कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली आहे. त्याची तारीख बघून आजच कळवा.

तुमची,
ताई